कोठाराच्या आतल्या कडीची कहाणी

ऐका मळाई, तुमच्या मळ्याची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत घट्ट धरा. शेवटी लागतील.

आटपाट नावाचं नगर होतं, नगराला वेस, वेशीबाहेर नदी. नदीकाठी रान पडीक होतं. नगरातल्या बाया एक झाल्या, रान साफ केलं, वाफे पाडले. मळा सगळ्यांचा, राबणंही सगळ्यांचं. गोजरा नावाची एक होती, तिला कारभारीण केलं.

पण भाजी येईना. मेथी लावावी, पिवळी पडावी. वांगी लावावी, किडावी. भोपळा लावावा, वेल चढावा, फूल गळावं. गोजरा बांधावर बसून रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. पाय चिखलानं भरलेले, केसांत दुर्वा अडकलेल्या.

"का गं बाई, रडतेस का?"

"रडू नको तर काय करू, आजी? नगरभरच्या पोरांची पोटं या मळ्यावर, अन् मळा काही देत नाही."

"मी तुला वसा सांगते, करशील?"

"करीन."

"घाईनं हो म्हणू नकोस. वसा सोपा आहे, म्हणून विसरायला होतं."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "भाव तू एकटीनं ठरवायचा नाहीस. सकाळी फाटकाशी जी सगळ्यांत गरीब बाई येईल, तिला विचारायचं, बाई, तुला काय परवडेल? राबणारीचं पोट भरेल, अन् तिचीही चूल पेटेल, असा भाव दोघींनी मिळून बोलायचा. तोच सगळ्या नगराला. हा पहिला नेम. मळ्यात पोरं येतील, खेळतील. कोठाराला बाहेरून कुलूप घाल हवं तर, पण आतून कडी लावायची नाही. हा दुसरा. अन् पोर काही सांगायला आलं, तर डोक्यावरची पाटी आधी खाली ठेवायची, मग ऐकायचं. हा तिसरा."

"आजी, उद्यापन कधी करायचं?"

"याला उद्यापन नाही. मळा आहे तोवर वसा आहे."

एवढं बोलून म्हातारी करंजाखाली गेली, तिथं शिळा झाली. तीच मळाई.

मग मळा फुलला. मेथी हिरवी झाली, वांगी तजेलदार झाली, भोपळे हाती उचलेनात.

नगरात बायजा नावाची बाई होती. गोवऱ्या थापायची, दारोदार विकायची. नवरा नाही, सासरमाहेर नाही. एक लेक, ठमी. ठमी बोलायला लागली की थांबायची नाही. भेंडीशी बोलायची, बेडकाशी बोलायची, मळाईच्या शिळेशी भांडायची. सकाळी गोजरा बायजेला भाव विचारायची, भाव ठरायचा. मग बायजा म्हणायची, "पोर तुमच्या पदरात टाकून जाते हो." गोजरा म्हणायची, "जा निर्धास्त. हिची बडबड ऐकूनच तर दुधी वाढतात."

असं करता करता एक व्यापारी आला. अंगावर रेशमी उपरणं, तोंडात साखर. म्हणाला, "एवढी सोन्यासारखी भाजी, अन् भाव गोवरीवालीला विचारता? सगळा माल मला द्या. दुप्पट देतो." बाया एकमेकींकडे बघू लागल्या. गोजरा म्हणाली, "एवढा हंगाम देऊ. मग आहेच आपला वसा."

दुसऱ्या दिवशी बायजा फाटकाशी आली. कोणी भाव विचारला नाही. "शेटजींचा भाव आहे आता, बायजे. परवडत असेल तर घे." बायजेनं पदर झटकला, "परवडलं असतं तर गोवऱ्या कशाला थापल्या असत्या?" रिकामी गेली. पण पोर ठेवून गेली. दुसरीकडे कुठं ठेवणार? पहिला नेम मोडला.

मग व्यापारी म्हणाला, "कोठाराला आतून कडी बसवा. चोरीची भीती आहे." लोहार आला, कडी बसली. संध्याकाळी बायजेनं ती पाहिली. "अगं बाई, चोर बाहेरून येतो ना? मग कडी आतून कशाला?" बाया हसल्या. "शेटजींपेक्षा तुला जास्त कळतं होय गं?" बायजेनं पोरीचा हात धरला, घरी गेली. दुसरा नेम मोडला.

व्यापारी पोरांना रेवड्या द्यायचा. ठमीला दोन जास्त. एक दिवस ठमी भोपळे तोलणारीकडे आली. "मावशी, मला शेटजींसंगं कोठारात जायचं नाही." मावशीनं पाटी खाली ठेवली नाही. "का गं, रेवडी कडू लागली?" ठमी मेथी धुणारीकडे गेली. "आत्या, मला शेटजींसंगं कोठारात जायचं नाही." आत्यानं पाटी खाली ठेवली नाही. "जा गं, पाण्यात पाय नको घालूस." मग ठमी गोजरेकडे गेली, तिचं लुगडं ओढू लागली. "काकी, मला शेटजींसंगं कोठारात जायचं नाही." गोजरेच्या डोक्यावर वांग्यांची पाटी, पुढं गाडी उभी. गोजरा म्हणाली, "शेटजींमुळं चार घास मिळतात, ठमे. मोठ्या माणसांना असं बोलू नये." तिसरा नेम मोडला.

त्या दुपारी कोठाराची कडी आतून लागली.

कडी निघाली तेव्हा ठमी बाहेर आली. चालत आली, करंजाखाली बसली. बायजा आली, "ठमे, काय झालं?" ठमी बोलेना. बायजेनं छातीशी धरलं, बोलेना. घरी नेलं, दिवा लावला, "बाळा, आई आहे गं," बोलेना. त्यानंतर ठमी बोललीच नाही.

मग बाया जमल्या. एक म्हणाली, बोभाटा झाला तर भाव पडेल. दुसरी म्हणाली, मळ्याचं नाव जाईल. तिसरी म्हणाली, पोरीचंच नाव जाईल. व्यापाऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही. त्याला फाटकाबाहेर काढलं, गुपचूप, तो गेला. गोजरा बायजेच्या दारी गेली. "बायजे, जन्मभर भाजी फुकट ने, पण गप्प बस."

बायजा म्हणाली, "भाजीचा भाव मला विचारायचं सोडलंत. आता माझ्या पोरीचा भाव तुम्हीच ठरवून आलात?"

अन् दार लावून घेतलं.

मग मळा कोपला. दुधी कडू झाला, काकडी कडू झाली, मेथीला हात लावला की हात कडू व्हावा. गोजरा पुरणाचा नैवेद्य घेऊन मळाईपुढं गेली. शिळा बोलली नाही. हातातल्या पाटल्या घेऊन गेली. शिळा बोलली नाही. मग गोजरा कोठारात गेली, दगडानं कडी उखडली. चावडीत गेली, सगळ्यांदेखत सांगितलं, पोरीनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. राजानं व्यापाऱ्यामागं शिपाई धाडले. शिपाई सांगत आले, तो दूरच्या नगरात पोचलाय, तिथं एक मळा आहे, तिथंही भाव चांगला देतो म्हणे. पण ते राज्य दुसऱ्याचं, तिथं आपला हुकूम चालत नाही.

गोजरा रिकाम्या हातांनी शिळेपुढं पडली. मळाई बोलली, "ऊठ. दुधी गोड करते."

"दुधी नको, आई. ठमीची वाचा दे."

"ती माझ्याकडं नाही."

"तू देवी ना?"

"मी मळ्याची देवी. माझ्याकडं भाजी मागा. पोरं मी तुमच्यावर सोपवली होती."

दुधी गोड झाला. गोजरेला गोड लागला नाही.

मग ती कडी पदरात बांधून चालू लागली. त्या दूरच्या नगरी गेली, मळ्याच्या फाटकाशी उभी राहिली, सगळं सांगितलं. एक म्हणाली, "तुमचा भाव गेला म्हणून जळतेस." दुसरी म्हणाली, "आमचे शेटजी तसले नाहीत." तिसरीनं कडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मागं वळली, कोठाराकडं धावत सुटली. ती वेळेत पोचली की नाही, हे कहाणीला ठाऊक नाही.

इकडं फाटकाशी पुन्हा गरिबाला भाव विचारतात. गोजरा रोज बायजेच्या उंबऱ्याशी जाते, हात मोकळे ठेवून बसते. ठमी येते, शेजारी बसते. बोलत नाही. गोजरा ऐकत राहते.

मळाई, त्यांचे डोळे पोरीची वाचा गेल्यावर उघडले, आमचे आधी उघड. त्यांना फळ मिळालं तसं कोणाला नको. त्यांना सांगितलेला वसा मात्र सगळ्यांना मिळो.

बायांनो, आता मुठीतल्या अक्षता खाली ठेवा. मोकळ्या हातांनी घरी जा. घरात, शेजारात, एखादं पोर काही सांगत असेल. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी संपूर्ण. सुफळ मी म्हणत नाही. ज्या घरी पोराचं ऐकलं जाईल, त्या घरी ती सुफळ.