खारासुराची तिसरी कुस्ती

एका राज्यात सात वर्षे सगळे अळणी शिजत होते. वरण अळणी, भाकरी अळणी. लोणचे घालणे तर लोकांनी सोडूनच दिले होते. गुरे भिंती चाटत. माणसे कपाळाचा घाम पुसत आणि कुणी बघत नाही असे पाहून बोट चाटत.

त्याचे कारण असे. राजा चंद्रकेतूच्या पंगतीत एका मांत्रिकाने मीठ मागितले. राजा हसून म्हणाला, "भिक्षेकऱ्याला चव कशाला?" मांत्रिक भरल्या पानावरून उठला. त्याने मिठाच्या कोठारापुढे खारासुर नावाचा राक्षस उभा केला आणि शाप दिला, "जो याची पाठ मातीला लावील, त्याने कोठार उघडावे. कुस्त्या तीनच. तिसरी हरलात, तर कोठार धरणीच्या पोटात जाईल." परराज्यातून मीठ आणावे, तर सीमा ओलांडताच त्याची वाळू होई.

राजाला धीर होता, कारण पदरी आचार्य वज्रबाहू होते. त्यांना एकशे आठ डाव येत. आचार्यांचा एक शिष्य पहिल्या कुस्तीला गेला. त्याने गरुडझेप घेतली. राक्षस एक पाऊल बाजूला सरला. शिष्य तसाच उडत पुढे गेला आणि तळ्यात पडला. दुसऱ्या शिष्याने चक्रवात-फिरकी मारली. एक गिरकी, दोन, सात. राक्षस वाट पाहत राहिला. आठव्या गिरकीला शिष्याला घेरी आली आणि तो आपणहून खाली बसला.

राहिली एकच कुस्ती. आचार्य म्हणाले, "महाराज, आता मीच वायुपाश टाकतो. त्यात स्पर्शही लागत नाही."

राजाला मोह झाला, पण राणीला शंका आली. राणीपाशी एक साळुंकी होती. ती वर्षातून एकदाच बोले आणि खोटे बोलत नसे. राणीने विचारले, "डाव खरा की खोटा, हे कोण पारखील?"

साळुंकी म्हणाली, "ज्याला पडायचे नाही, त्याला रोज पाडणारे माणूस आणा." आणि वर्षभरासाठी गप्प झाली.

प्रधानाने राज्य पालथे घातले. शेवटी त्याला वेशीजवळ म्हाळसा नावाची नालबंदीण सापडली. बैलाला नाल ठोकायची तर आधी त्याला आडवे पाडावे लागते, आणि पडायची हौस कोणत्याच बैलाला नसते. म्हाळसा दिवसाला सहा बैल पाडत असे. ती आपला कबरा बैल घेऊनच आखाड्यात आली. त्याची एक नाल ठोकायची राहिली होती.

आचार्यांनी हात नुसता हवेत फिरवला. चाळीस शिष्य धाडकन कोसळले. राजाने टाळ्या वाजवल्या.

म्हाळसा म्हणाली, "छान पडतात. आता माझ्यावर टाका."

आचार्यांनी हात फिरवला. म्हाळसा उभीच. त्यांनी दोन्ही हात फिरवले, हुंकार दिला, डोळे वटारले.

"सुरू केलंत का?" म्हाळसाने विचारले.

"या बाईच्या अंगी सूक्ष्म नाड्या नाहीत," आचार्य म्हणाले.

"नसतील. आता शिष्यांचे डोळे बांधा."

चाळीस जणांचे डोळे बांधले. आचार्यांनी हात फिरवला. कुणी हलले नाही. मग राजाला शिंक आली आणि अकरा जण पडले. त्यांच्या पडण्याचा आवाज ऐकून उरलेले पडले. एक जण सगळ्यांच्या मागून, अंमळ विचार करून पडला.

तिसऱ्या परीक्षेला म्हाळसाने कबरा पुढे केला. आचार्यांनी वायुपाश टाकला. कबऱ्याने मान पुढे केली आणि त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार खाल्ला.

आखाड्यात कुणी हसले नाही. आचार्यांनी आपल्या पट्टशिष्याकडे पाहिले. त्याचे नाव भुजंग. "खरे सांग. तू का पडायचास?"

भुजंगाने मान खाली घातली. "पहिल्या दिवशी शेजारचा पडला म्हणून पडलो, गुरुजी. पुढे, आपल्याला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता?"

"आता तीस वर्षे झाली. सवय आहे."

आचार्य मातीत बसले. सात वर्षे लोक बोटे चाटत होते आणि आपण हवेत हात फिरवत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळले. ते राजाला म्हणाले, "महाराज, दुसरा कुणी पाठवा."

राजा म्हाळसाकडे वळला. "बाई, तूच जा."

"महाराज, मला दोरी लागते, आणि कुस्तीत दोरी चालत नाही," म्हाळसा म्हणाली. मग तिने आचार्यांना विचारले, "गुरुजी, एकशे आठ डावांच्या आधी काय शिकला होतात?"

आचार्य बराच वेळ आठवत राहिले. "पाय धरणे. आठव्या वर्षी. त्याला डावही म्हणत नाहीत."

"तेवढंच करा. एक पाय धरून राहायचं. त्याने दुसरा उचलला की खांद्याने ढकलायचं."

सहा दिवस आचार्य कबऱ्याच्या पायाला लटकले. सहा दिवस ते शेणात पडले. कपडे धुणारा परीट रडकुंडीला आला. सातव्या दिवशी कबरा एकदाचा आडवा झाला आणि त्याने आचार्यांकडे फार अपमानाने पाहिले.

आठव्या दिवशी सकाळी सारे नगर कोठारापुढे लोटले. खारासुराने विचारले, "कोण हरायला आले?"

"मी," आचार्य म्हणाले आणि वाकून त्याच्या डाव्या पायाला मिठी मारली.

कुस्ती पाहण्यासारखी नव्हतीच. राक्षसाने पाय झटकला, आचार्य पायाबरोबर हलले. त्याने पाठीवर गुद्दे घातले. आचार्यांचे तोंड मातीत गेले, पण हात सुटले नाहीत. भाट पोवाडा रचायला आले होते, ते कंटाळून बसले. एकदा मात्र आचार्यांचा उजवा हात सुटला आणि सवयीने हवेत फिरायला निघाला.

"गुरुजी, पाय!" म्हाळसा ओरडली.

हात परत पायावर आला. राक्षस चिडला आणि लाथ घालायला त्याने उजवा पाय उचलला. आचार्यांनी खांदा लावला आणि ढकलले. खारासुर पाठीवर पडला. दोन तळ्यांचे पाणी उसळून बाहेर आले. पडल्या जागी राक्षस नाहीसा झाला आणि तिथे त्या पंगतीचा एक किडकिडीत आचारी उठून बसला. मांत्रिकाने त्याचाच राक्षस केला होता. तो म्हणाला, "शाप उतरला. काही खारट आहे का?"

कोठाराचे दार उघडले. राजाने मांत्रिकाला शोधून सन्मानाने बोलावले, आपल्या हाताने त्याच्या पानात मीठ वाढले आणि क्षमा मागितली. म्हाळसाला त्याने राजपारखीचे पद देऊ केले. "बैल खोळंबलेत," असे सांगून ती गेली.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी भुजंगाला आखाड्यात बोलावले. "मला पाड."

भुजंग पुढे आला. त्याने डोळे मिटले, पाय धरला, ढकलले. तीस वर्षांत पहिल्यांदा आचार्यांच्या पाठीला त्या आखाड्याची माती लागली.

आचार्य पडल्या पडल्या पोट धरून हसले. मग कपाळाची माती पुसत म्हणाले, "आता तुझी पाठ सांभाळ."