तीन भाषांचा डबा

धुळ्याच्या एका कॉलेजात प्राचार्य देवरे सरांकडे मॅक, ऑफिसात विंडोज आणि लायब्ररीत लिनक्स असा तीन तऱ्हेच्या संगणकांचा संसार होता. मागच्या पावसाळ्यात वीज पडून परीक्षेचं सगळं काम पुसलं गेलं, म्हणून संगणकाच्या नूतन बोरसे मॅडमनी नेटवर्कवर बॅकअपचा, म्हणजे फायलींची दुसरी प्रत जपणारा, डबा बसवला. प्रत्येक मशीनशी त्याच्याच भाषेत बोलून डबा तिन्हीकडच्या फायली गुपचूप घेऊ लागला.

हे कळताच सर ऑफिसात येऊन सगळ्या स्टाफसमोर मॅडमवर भडकले. "हा डबा तीन मशीनशी तीन भाषांत बोलतो? असल्या बहुरूप्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तो फक्त माझ्या मॅकशी बोलेल, नाहीतर संध्याकाळी परत जाईल!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विद्यापीठातून होता. "येस सर, शुअर सर," म्हणत सर ताठ उभे राहिले. मग बेंचवाल्याचा आला. "भैया, कल तक माल भेजो!" तिसरा आईचा. अहिराणी बोलणाऱ्या पोरांना गावंढळ म्हणणाऱ्या सरांनी तोंडावर हात धरून अहिराणीतच हळूच जेवण झाल्याचं सांगितलं, "हा माय, जेवी लिधं."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, समोरच्याला जी कळते त्या भाषेत तुम्ही बोललात. माणूस मात्र एकच. डबाही तेच करतो. आता सांगा, संध्याकाळी परत कोणाला पाठवायचं?"

स्टाफमधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, पण दाबलेल्या हसूने खांदे हलत होते. सरांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि या वेळी तोंडावर हात न धरता मॅडमना अहिराणीत सांगितलं, "राहू दे व माय, तो डबा!"