ठकूची राखुंडी आणि गडावरची भिंत

ऐका हं, पांघरूण घ्या आधी. एक होता राजा. गड त्याचा मोठा, पण वर पाण्याचा थेंब नाही. बायका दोन कोस खाली उतरायच्या आणि भरल्या घागरी घेऊन वर चढायच्या. मग राजाने ठरवलं, गडावर तळं बांधायचं. दगड वर होतेच. चुना मात्र खाली, चुना मळायच्या घाण्यावरून यायचा. कुणाच्या पाठीवरून? गाढवांच्या, बाळांनो.

खालच्या गावात ठकू नावाची कुंभारीण राहायची. घरात ती एकटी, आणि दारात तिची गाढवी. राखाडी रंगाची, म्हणून नाव राखुंडी. राजाची दवंडी आली तशी ठकूही राखुंडीला घेऊन चढाला लागली.

ठकूची रीत वेगळी, बरं का. इतरांच्या गाढवांवर गच्च भरलेली गोणी, तिच्या गाढवीवर अर्धीच. वळणावळणावर ती थांबायची आणि पदराने राखुंडीचं तोंड पुसायची.

कामावरचा मुकादम हसायचा. "काय गं ठके, गाढवी आहे का लाडाची लेक?"

"लेक कसली मुकादम, सासू आहे माझी! ती थांबली की मला थांबावंच लागतं."

मग तळ्याची भिंत बांधून झाली. आणि दुसऱ्या सकाळी बघतात तर सगळी कोसळलेली! एक कोपरा तेवढा उभा. त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

मुकादम म्हणाला, "चुना कमी पडला. गोण्या वाढवा." मग गाढवांवर दीड दीड गोणी चढली. पाठी सोलून निघाल्या. जे बसेल त्याला काठी. अशी दुसरी भिंत झाली, आणि तीही कोसळली.

मुकादम म्हणाला, "गाढवं दमतात, म्हणून काम रेंगाळतं. नाकपुड्या चिरा त्यांच्या. वारा जास्त मिळेल, दमणार नाहीत." तेव्हा लोकांची समजूतच तशी होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग एकेक गाढव आडवं पाडलं, चौघांनी धरलं… जाऊ दे, ते मी सांगत नाही. राखुंडीची पाळी आली तशी ठकूने तिच्या गळ्याला मिठी मारली.

"आधी माझं नाक कापा," ती म्हणाली.

मुकादम चरफडत पुढे गेला. मग तिसरी भिंत झाली, आणि तो कोपरा सोडून तीही कोसळली.

आता मुकादम राजासमोर हात जोडून उभा राहिला. "महाराज, तळं बळी मागतंय. ज्या जनावरांनी चुना वाहिला, त्यांतलंच एक. पण बळीचं जनावर अंगाने धड लागतं. वण नको, जखम नको."

शोधलं, बाळांनो. साठ गाढवं होती. एक धड निघेना. कुणाची पाठ सोललेली, कुणाचा गुडघा फुटलेला, नाकं तर सगळ्यांचीच चिरलेली. धड होती एकटी राखुंडी.

ठकूच्या मनात आलं, मी हिला जपलं, म्हणून हिला मारणार? तिने दोर सोडला नाही. रडत रडत राखुंडीसोबत राजा उभा होता त्या तळ्यापर्यंत चालत गेली आणि पडक्या भिंतीच्या एका तुकड्यावर मटकन बसली.

आता कुंभाराच्या हाताला एक खोड असते. मडकं टक् टक् वाजवून बघायचं, आत चीर आहे का. ठकूच्या बोटांनी नकळत तो तुकडा वाजवला. आतून आवाज आला, हं… हं… हं… चिरलेल्या नाकाने गाढव चढावर धापा टाकतं ना, अगदी तसा. तिने दुसरा तुकडा वाजवला. तेच. मग उठून तो उभा कोपरा वाजवला. खण्! भाजून पक्क्या झालेल्या मडक्यासारखा.

"महाराज," ती म्हणाली, "मी वाजवते, जरा या तुकड्याला कान लावा."

राजाने कान लावला. त्याचा चेहरा उतरला.

"वारा असेल, महाराज," मुकादम म्हणाला.

राजाने उभा कोपरा वाजवून पाहिला. "मग या कोपऱ्यात का नाही वारा? इथला चुना कुणाचा?"

म्हातारा गवंडी म्हणाला, "ठकूच्या अर्ध्या गोण्यांचा, महाराज."

राजा ठकूकडे वळला. मग म्हणाला, "एकदा तुझ्या रीतीने बांधू. पण भिंत पडली तर…"

"पडली तर राखुंडीच्या शेजारी मलाही गाडा," ठकू म्हणाली.

मग काय झालं? गाढवांवर अर्धी गोणी, आणि उरलेली अर्धी माणसांच्या डोक्यावर. राजाने उचलली, मुकादमानेही उचलली. दुसऱ्याच वळणाला मुकादम खाली बसला. त्याला काठी कुणी मारली नाही, बरं का. राखुंडी त्याच्याजवळ थांबली, म्हणून ठकूही थांबली.

काम सावकाश झालं. पण भिंत उभी राहिली ती राहिलीच. पावसाने तळं काठोकाठ भरलं. राजाने वळणावळणावर गाढवांसाठी हौद बांधले, आणि जनावराच्या नाकाला सुरी लावायची नाही, असा हुकूम काढला. फाटलेली नाकं मात्र पुन्हा जुळली नाहीत. ती गाढवं पाण्यावर यायची तेव्हा राजा मान खाली घालून उभा राहायचा. गाढवं पोटभर प्यायची, उन्हात लोळायची. ठकू आणि राखुंडी सोबतच म्हाताऱ्या झाल्या.

त्या भिंतीला कुणी कान लावला, तर काय ऐकू येतं ठाऊक आहे? काही नाही. कुणी धापा टाकत नाही, सगळं शांत. ते शांत ऐका आता, आणि मिटा डोळे.