लिपोवेची तळघरातली मैफल

लिपोवे गावात गाण्याची मैफल वरच्या सभागृहात सुरू होते आणि पुष्कळदा तळघरात संपते. युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यापासून बाहेरगावचे लोकही ती ऐकायला मुद्दाम येतात. त्यांना म्हातारी हान्ना आजी दारातच सांगून ठेवते, की हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तर वादक थांबतील, गाणे थांबणार नाही. ते पुढे न्यायचे काम ऐकणाऱ्यांचे. ही रीत ओदार्काने घालून दिली, असे सांगतात.

ओदार्का फार पूर्वीची, कुठल्याशा जुन्या लढाईच्या काळातली. आज सभागृह आहे तिथे तेव्हा गावाचे धान्याचे कोठार होते. पंचक्रोशीत तिच्यासारखा गळा नव्हता म्हणे. ती नसेल तर लग्नघर सुने वाटे. पण नवरा ओमेल्को लढाईवर गेला त्या दिवशी तिने देवासमोर शपथ घेतली, की तो घरी येईपर्यंत ओठांवर गाणे आणणार नाही. शपथ मोडली तर तो परतायचा नाही, असे तिच्या मनाने घेतले.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत यारेमा नावाचा आंधळा गायक आपला बंडुरा, म्हणजे मांडीवर घेऊन छेडायचे मोठे तंतुवाद्य, घेऊन गावात आला. अशा दिवसांत गाणे कसले, म्हणून काही जण कुरकुरले.

"लढाईवर गेलेल्यांच्या घरी चूल पेटते ना?" यारेमा म्हणाला. "मग गाणेही होऊ द्या."

दुपारी सारे गाव कोठारात जमले. सासू पालाझ्काने ओदार्कालाही सोबत नेले. ती भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून ऐकत राहिली.

गाणे रंगात आले आणि तोफेचा गोळा अंगणात पडला. दुसऱ्याने छपराचा कोपरा उडवला. धूर कोंदला. सगळे कोठाराखालच्या तळघराकडे धावले. जिना एकच, तोही अरुंद. पुढचे पडले, मागचे रेटू लागले, आणि पायांखालून लेकरांचे रडणे येऊ लागले. यारेमा वाजवतच होता, पण त्या कल्लोळात तारा कुणाला ऐकू येणार?

ओदार्काच्या डोळ्यांपुढे ओमेल्कोचा चेहरा उभा राहिला. लेकरांचे रडणे मात्र तिला ऐकवेना. तिने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

कापणीहून घरी परततानाचे ते गाणे. दमलेली माणसे त्याच्या ठेक्यावर पाय टाकतात. शेजारच्या बायकांनी ओळ उचलली. रेटारेटी ओसरली, पडलेल्यांना हात मिळाले, आणि लोक ठेक्यात एकेक पायरी उतरू लागले. ओदार्का सगळ्यांत शेवटी उतरली. वर कोठार जळून गेले, पण खाली गेलेल्यांपैकी एकही दगावला नाही.

ओमेल्को परतला नाही. बातमी आली तेव्हा ओदार्का सासूपुढे मान वर करीना.

"माझ्यामुळे गेला, आई," ती म्हणाली.

पालाझ्काने तिची हनुवटी उचलली. "त्याला परत आणणे तुझ्या गाण्याच्या हातात नव्हते, पोरी. आम्हाला खाली नेणे होते."

वसंतात नव्या कोठारावर छप्पर चढले, तेव्हा पालाझ्कानेच आपल्या फाटक्या आवाजात तेच गाणे सुरू केले म्हणे. दुसरे कडवे ओदार्काने धरले.

आजही लिपोवेत भोंगा झाला, की मंचावरचे गप्प होतात. जिचे माणूस आघाडीवर आहे अशी एखादी बाई प्रेक्षकांतून उठते आणि गाऊ लागते. बाकीचे तिच्या सुरात सूर मिसळत, न धावता, जिना उतरतात आणि उरलेली मैफल तिथेच पुरी होते. म्हणून तिथल्या तिकिटावर सुरुवातीची वेळ असते. संपण्याची कुणी छापत नाही.