शेजारचा विस्तव

एका राज्यात त्या दिवशी वारा पडला होता. आभाळ भरून आलेलं, पण थेंब नाही. ऊन नाही, सावली नाही. राजवाड्यावरचं निशाण काठीला चिकटून लोंबत होतं. पिंपळाचं पान वाऱ्यावाचूनही हलतं म्हणतात, तेसुद्धा हलत नव्हतं. घरात कुणी अत्यवस्थ असलं की माणसं अंगणात मुकी उभी राहतात, तशी झाडं उभी होती.

राजवाड्यात कुणी अत्यवस्थ होतंच. राजा जयध्वजाचा एकुलता एक मुलगा मेघवर्ण, सात वर्षांचं लेकरू, तापानं फणफणलं होतं. वैद्यांनी हात टेकले. दिवेलागणीच्या आत पोर गेलं. मग वारा सुटला. कशाला सुटला, कुणासाठी सुटला, वाऱ्यालाच ठाऊक.

त्या राज्यात दोन रीती होत्या. त्या आधी सांगतो, म्हणजे पुढं वाट चुकायला नको.

एक रीत शेजाराची. राजवाड्याची एक भिंत साध्या माणसाच्या घराला लागून असायची. राजालाही शेजार हवा, असं जुनी माणसं म्हणत. जयध्वजाच्या भिंतीला पुतळा माळिणीचं घर होतं. तिचे दोन वाफे शेवंतीचे, एक शिंगमोडका बोकड, आणि जीभ तिखट. भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातून विरजण इकडून तिकडं जायचं. राणी कुमुदिनीनं वाटी पुढं केली की पुतळा म्हणायची, "राणीसाहेब, मागली वाटी अजून तुमच्याकडंच आहे बरं का. राज्य मोठं, पण वाटी माझी." राणी हसायची.

तर कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नसे. शेजारी भाकरी पोचवायचे. दिवस झाले की घरच्या कर्त्यानं स्वतः शेजारी जायचं, खापरीत विस्तव मागायचा. शेजाऱ्यानं विस्तव द्यायचा आणि गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द सांगायचे. ते त्या कर्त्यालाच, त्या वेळीच. मग चूल पेटायची आणि दुःख घरच्यासारखं घरात राहायचं.

दुसरी रीत तांब्याची. झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, पण तो कधी झाकायचा नाही. माणूस निजला की त्याचा जीव भुंगा होऊन हिंडायला जातो. परत येतो तेव्हा त्याला तहान लागलेली असते. पाणी पिऊन तो देहात शिरतो, माणूस जागा होतो. सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कुणी त्याचं नवल करत नसे.

राजानं मुलाचा एक अंगरखा आपल्या उशाखाली ठेवला. त्याला उग्र वास यायचा. कसला, ते राजाला ओळखू येईना. पोर रोज दुपारी कुठंतरी नाहीसं व्हायचं, गुडघे फोडून यायचं, आणि विचारलं की नुसतं हसायचं. राजानं त्याला एक पांढरा घोडा दिला होता. पोर म्हणायचं, "उद्या बसतो, आबा." राजाला वाटायचं, वाघाचं पिल्लू आहे, चेष्टा करतंय.

दिवस झाले. त्या पहाटे राजाला स्वप्न पडलं. मेघवर्ण पांढऱ्या घोड्यावर बसून आला, आणि बापलेक खोगीर तांबडं असावं की पिवळं, यावर वाद घालत बसले. राजा जागा झाला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"माझं पोर समोर होतं," तो राणीला म्हणाला, "आणि तो गेलाय हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर मी खोगिराचं बोलत बसलो असतो का?"

राणी म्हणाली, "आज शेजारून विस्तव आणायचा आहे, महाराज."

"विस्तव आणला की तो गेला असं होईल."

राजा गेला नाही. त्यानं दवंडी पिटवली: जो कुणी राजाला स्वप्नात जागं राहायला शिकवील, त्याला तो मागेल ते मिळेल.

त्रिजट नावाचा एक मांत्रिक आला. त्याचे डोळे लाल होते. त्याला कित्येक वर्षांत झोप लागली नव्हती.

तो म्हणाला, "महाराज, माणूस म्हणजे शंभर खणांचं घर. जन्मभर तो एकाच खणात दिवा लावून बसतो. बाकीच्या खणांची दारं झोपेत उघडतात, पण तेव्हा धनी जागा नसतो."

"मला जागं कर."

"तीन गोष्टी साधाव्या लागतील."

पहिली गोष्ट, स्वप्नात आपला तळहात पाहायचा. ऐकायला सोपी, करायला अवघड. राजा दुपारी निजायचा. स्वप्नात हत्ती यायचे, लढाया यायच्या, मेलेले आजे यायचे, पण हात पाहायचं ध्यानात राहायचं नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला. एका दुपारी त्यानं हात वर केला तर हाताला सहा बोटं, आणि सातवं फुटत होतं. "हे स्वप्न आहे!" राजा ओरडला, आणि ओरडण्यानंच जागा झाला.

दुसरी गोष्ट, कळल्यावरही जागं व्हायचं नाही. ती राजाला अशी साधली: स्वप्न विरायला लागलं की तो खाली बसायचा आणि तिथली माती मुठीत धरायचा. माती धरली की स्वप्न टिकायचं. मग राजानं एकेक खण उघडून पाहिला. तो उडाला. मुंग्या काय बोलतात ते त्याला कळलं. जागेपणी ज्याचा सूर कधी लागला नाही, तो राजा असा गायला की स्वप्नातल्या नदीनं वाहणं थांबवलं. माणसाच्या अंगात किती असतं आणि किती तसंच सरणावर जातं, ते त्यानं पाहिलं.

आणि त्याला मेघवर्ण भेटला. या वेळी राजाला ठाऊक होतं. त्यानं पोराला कुशीत घेतलं आणि सोडलंच नाही. पण देहाची झोप ती केवढी? चार घटकांत भुंगा तहानेनं परत यायचा, आणि राजाच्या कुशीत उशी राहायची.

"आता तिसरी गोष्ट," राजा म्हणाला. "मला परत यायचं नाही. कधीच नाही."

त्रिजटानं आपले लाल डोळे चोळले. मग म्हणाला, "तुमच्या खजिन्यात एक झाकणाचा तांब्या आहे. तो उशाशी ठेवा. जीव पाणी प्यायला उतरला की त्यानं आतून झाकण ओढून घ्यायचं. मरण घरोघर फिरतं, पण तांब्यात डोकावत नाही. देह निजून राहील, झिजणार नाही. स्वप्न संपणार नाही."

"त्या तांब्याला शाप आहे म्हणतात."

"आहे. पण शाप इतरांना लागतो, महाराज."

राजानं मान खाली घातली. मग विचारलं, "तू स्वतः का नाही हे केलंस?"

"मला स्वप्नात भेटायला कुणी नाही," त्रिजट म्हणाला. त्यानं काही मागितलं नाही. तो निघून गेला.

राणी दारात उभी होती. "आणि मी?" तिनं विचारलं.

"तूही असशील तिथं, कुमुदिनी."

"ती मी नसेन, महाराज."

राजा निजला. भुंगा हिंडून आला, तांब्यात उतरला, आणि झाकण आतून बसलं. लोहार आले, पहिलवान आले, झाकण निघालं नाही. आतून लावलेलं दार बाहेरून कसं निघावं?

त्याच दिवशी शाप लागला. राज्यातली स्वप्नं आटली. शेतकरी रात्री डोळे मिटायचे आणि सकाळी उघडायचे, मधे काही नसायचं. म्हाताऱ्यांना माहेर दिसेना. पाळण्यातल्या तान्ह्या बाळांना सटवाई झोपेत हसवते ना, ती बाळं झोपेत हसेनाशी झाली. आया पाळण्याशी बसून वाट बघायच्या. अशी वर्षं गेली. जी माणसं स्वप्न बघत नाहीत ती नवीन काही लावत नाहीत. आंब्याच्या कोयी तशाच पडून राहिल्या.

राजवाड्याची चूल थंडच होती. पुतळा खिडकीतून भाकरी देत राहिली. "राणीसाहेब," ती म्हणायची, "रीत आहे म्हणून देते, आणि देत राहीन. पण एवढं लांबलेलं सुतक माझ्या आजीनंही पाहिलं नसेल." तिच्या भाकरीवर कधी ठेचा असे, कधी लोण्याचा गोळा. राणी राजाच्या उशाशी बसून ती भाकरी खायची. तिचे केस पिकले. राजाची मिशी काळीच होती.

मेघवर्णाची एक साळुंकी होती. ती माणसासारखं बोलायची, आणि तिला स्वप्नात शिरता यायचं. कुणी शिकवलं नव्हतं, तिला आपलं येत होतं. राणी तिला म्हणाली, "जा बाई, त्यांना बोलावून आण."

साळुंकी स्वप्नात गेली. राजा एका मुठीत माती धरून नदीकाठी बसला होता. पोर घोड्यावर भरधाव जात होतं, भीती कसली ती त्याला ठाऊक नव्हती.

साळुंकी म्हणाली, "राजा, तुझ्या नगरातली बाळं झोपेत हसत नाहीत."

राजा म्हणाला, "माझं बाळ हसतंय. ऐक."

साळुंकी परत आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली. "राजा, तुझ्या राणीचे केस पांढरे झाले."

"माझी राणी ती बघ, चाफ्याखाली बसली आहे. तिचे केस काळे आहेत."

"बसायचीच!" साळुंकी म्हणाली. "तू बसवलीस तिथं बसली. खरी असती तर उठून भांडली नसती?"

राजाला राग आला. साळुंकी उडाली.

तिसऱ्या वर्षी साळुंकी गेली ती फार म्हातारी झाली होती. बोलताना धापा टाकत होती. ती म्हणाली, "राजा, तुला चल म्हणत नाही. एकच काम सांगते. तुला माहीत नाही असं काहीतरी तुझ्या मुलाला विचार."

"एवढंच?"

"एवढंच."

राजानं मुलाला हाक मारली. पोर घोड्यावरून उतरून आलं, मांडीवर बसलं. राजानं त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"बाळा, रोज दुपारी तू कुठं जायचास रे?"

मेघवर्णानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो हसला, कारण राजाला त्याचं हसणं माहीत होतं. राजानं पुन्हा विचारलं. पोर पुन्हा तसंच हसलं, तेवढंच, तितकंच. राजानं त्याचा अंगरखा नाकाशी धरला. अंगरख्याला कसलाच वास नव्हता.

नदी थांबली होती. मग त्यानं मुलाला मांडीवरून उतरवलं, त्याच्या अंगरख्याचा बंद सुटला होता तो बांधला, आणि म्हणाला, "जा, खेळ."

मुठीतली माती त्यानं सोडली.

तांब्याचं झाकण खणकन् जमिनीवर पडलं. भुंगा बाहेर आला आणि राजा जागा झाला. राहिलेली वर्षं दाराशी थांबली होती, ती सगळी एकदम आत आली. राजाचे केस पिकले, पाठ वाकली. समोर एक म्हातारी बसली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि राजानं तिला ओळखलं.

"किती उशीर केलात," राणी म्हणाली.

"तू भांडत नव्हतीस तिथं," राजा म्हणाला. मग दोघंही रडली. पोर गेलं त्या दिवशी ती एकमेकांसमोर रडली नव्हती.

शाप फिटला. त्या दुपारी नगरातलं एक तान्हं झोपेत खुदकन हसलं आणि त्याची आई ओरडत रस्त्यावर आली. म्हाताऱ्यांना माहेर दिसलं. पुढच्या पावसाळ्यात लोकांनी कोयी लावल्या. त्रिजटालाही दूर कुठल्या झाडाखाली झोप लागली म्हणतात. साळुंकी मात्र त्या स्वप्नातून परत आली नाही. तो तांब्या राजानं विहिरीच्या काठावर ठेवला. येणारा-जाणारा त्यानं पाणी पितो. त्याचं झाकण वितळवून टाकलं.

एवढं झालं, तरी चूल थंड होती. राजानं पायातले जोडे काढले, हातात खापरी घेतली, आणि भिंतीला वळसा घालून पुतळेच्या दारात गेला. खिडकीतून मागता येत नाही, रीत दाराची आहे.

पुतळा थकली होती. अंगणात करडं बागडत होती. तो शिंगमोडका बोकड केव्हाच गेला, ही त्याची नातवंडं-पतवंडं. राजाचा पाय उंबऱ्यावरच थबकला. त्याला वास आला. तोच उग्र वास, उशाखालच्या अंगरख्याचा.

"पुतळाबाई," तो म्हणाला, "विस्तव मागायला आलोय."

"या," पुतळा म्हणाली. "रोज राखून ठेवत होते."

तिनं चुलीतले निखारे चिमट्यानं उचलून एकेक करून खापरीत ठेवले, वर थोडी राख भुरभुरली, आणि मग राजाकडं बघून म्हणाली, "महाराज, दुपारचा तुमचा लेक माझ्याकडं असायचा. घोड्याचं लई भ्या वाटायचं त्याला. म्हणून माझ्या बोकडावर बसून शिकायचा. पडायचा, गुडघे झाडायचा, पुन्हा बसायचा. मला म्हणायचा, 'पुतळामावशी, आबांना सांगू नको हं, शिकलो की एकदम दाखवणार आहे मी त्यांना.' आणि महाराज, ताप चढायच्या आदल्या दुपारी तो एकदासुद्धा पडला नाही."