दोघांचंही नाव पहिलं

करारात पहिलं नाव कुणाचं, यावरून दोन व्याही सलग तिसऱ्या संध्याकाळी लिमये वकिलांच्या ऑफिसात अडून बसले होते.

एक मिरजेचे धोंडीराम सूर्यवंशी, मुलीचे वडील. दुसरे अथणीचे गुरुपादप्पा अंगडी, मुलाचे वडील. दोघांचीही बँडपथकं. लग्नात दोन्ही बँड एकदम वाजले, भटजींची मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत, तेव्हा ठरलं की आता एकच बँड काढू. पण नाव काय? सूर्यवंशी-अंगडी की अंगडी-सूर्यवंशी? सूर्यवंशींना कन्नड येत नव्हतं, अंगडींना मराठी. शब्द न समजताही दोघं झकास भांडत होते. तिकडे नव्या नवरीने नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं.

शेवटी हट्टी लिमये वकील केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी शैला हुक्केरीच्या टेबलावर फाइल आपटली. शैला संध्याकाळची रिसेप्शनिस्ट. घरी कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळे येईल त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणं हेच तिचं काम.

"शैला, मी आत चहा घेतोय. सातच्या आत सह्या हव्यात. दोघांचंही नाव पहिलं. दुसरं कुणाचंच नको. आणि खोटं बोलायचं नाही."

"साहेब, हे कसं जमेल?"

"जमलं तर मागशील ते देईन. नाही तर उद्यापासून हे दोघं रोज तुझ्यासमोर बसतील."

शैलाने जरा विचार केला आणि सूर्यवंशींना विचारलं, "काका, करार कुठल्या भाषेत वाचाल?"

"मराठीत. ती कन्नड अक्षरं म्हणजे नुसत्या जिलब्या. वाचायच्या की खायच्या?"

"काय म्हणाले ते?" अंगडींनी कन्नडमध्ये विचारलं. खोटं बोलायची बंदी. शैलाने जसंच्या तसं सांगितलं.

अंगडी ताठ झाले. "त्यांना सांग अक्का, त्यांची अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेली धुणी. टॉवेल कुठला, लेंगा कुठला, पत्ता लागत नाही. मी कन्नडच वाचणार."

शैलाने तेही सांगितलं. सूर्यवंशींनी भिंतीवरच्या मराठी पाटीकडे निरखून पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. "लेंगा दिसतोय खरा."

तोवर शैला टाइप करायलाही बसली होती. दोन प्रती निघाल्या.

"काका, मराठी प्रतीत पहिलं नाव तुमचं. कन्नड प्रतीत त्यांचं. ज्याने त्याने आपली वाचायची."

"म्हणजे जिलब्यांत ते पहिले?" सूर्यवंशी म्हणाले. "असू देत. गोडाचा मान व्याह्यांचाच."

तेच कन्नडमध्ये ऐकल्यावर अंगडींनाही धुण्यातल्या पहिल्या जागेचा लोभ उरला नाही. शैलाने दोघांच्या हातात एकेक पेन दिलं, एक-दोन-तीन म्हटलं, आणि सह्या एकाच क्षणी झाल्या.

पावणेसातला वकीलसाहेब चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले. चष्मा लावून दोन्ही प्रती त्यांनी उलटसुलट पाहिल्या.

"ठीक. पण उद्या दोन्ही प्रतींवरून भांडण झालं तर?"

"तर दोघं आपल्याकडेच येतील की, साहेब."

वकीलसाहेब इतके हसले की चष्मा कपात पडला. सूर्यवंशीही हसले, आणि काही न कळताच अंगडीही.

"माग काय हवं ते," डोळे पुसत वकीलसाहेब शैलाला म्हणाले.

"काम दोन भाषांत करते, साहेब. पगार एकाच भाषेत मिळतो."

पुढच्या महिन्यापासून शैलाचा पगार दोन्ही भाषांत सुरू झाला.