गुण आल्याचं कोणी सांगावं

"अक्का, अजून कसला पुरावा हवाय तुम्हाला?"

विश्वंभरने हे जरा चढ्या आवाजातच विचारलं. मठात येण्याआधी तो तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचा. अंगावरचा काळा कोट उतरला होता, आवाजातला अजून उतरायचा होता.

चिमणाक्का ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठाच्या त्या प्रमुख. पण त्यांच्याकडे बघून हे कोणाच्या ध्यानात येत नसे. नवख्या माणसाला दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागे.

"कशाचा पुरावा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या उपायाचा!"

या मठात माणसं यायची ती मनाने खचलेली. कोणाला झोप नाही, कोणाच्या छातीत सारखी धडधड, कोणी महिनोन्‌महिने तोंडातून शब्द काढलेला नाही. त्यांच्यासाठी विश्वंभरने एक उपाय बसवला होता. तो आजाऱ्याला समोर बसवायचा, मनातला वाईट विचार मोठ्याने बोलायला लावायचा आणि मग त्या विचाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून त्याची उलटतपासणी घ्यायचा. माझ्यामुळेच सगळं बिघडलं म्हणतोस? पुरावा काय? कोणी पाहिलं? त्या दिवशी तू होतास कुठे? विचार बिचारा थोड्या वेळात कोलमडायचा.

उपाय चांगला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. जी काही खोट होती ती वकिलात होती.

नदीपलीकडच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी त्याला नवा आश्रम बांधून द्यायचं कबूल केलं होतं. अडलं होतं ते अक्कांच्या परवानगीपाशी. ती मिळाल्याशिवाय मठ सोडायचा नाही, एवढा तो आज्ञाधारक होता. पण जेवताना आमटीत बोट बुडवून ताटलीच्या काठावर आश्रमाचा नकाशा काढायचा, एवढा अधीरही होता.

"मी स्वतः एकेकाला विचारलंय, अक्का. बरं वाटतंय ना, असं. एकजात सगळे हो म्हणाले. तुमच्या कृपेनं बरं आहे म्हणाले."

"असं म्हणाले?"

"शब्दन्‌शब्द."

अक्कांनी अंगणाकडे पाहिलं. सोपान गुरव देवळाकडे निघाला होता. त्याची दाढ ठणकत होती. डावा गाल सुजून डोळ्याला टेकला होता आणि उपरण्याने त्याने हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं आवळून बांधलं होतं.

"काय सोपानराव," अक्कांनी हाक मारली, "बरं आहे ना?"

सोपान थांबला. दोन्ही हात जोडून वाकला.

"तुमच्या आशीर्वादानं अगदी उत्तम आहे, अक्का," सुजल्या गालातून कसंबसं एवढं बोलून तो कण्हत कण्हत पुढे गेला.

अक्का शेंगा सोलत राहिल्या...

आपलाच साक्षीदार फुटलेला वकिलाला लगेच कळतो.

"ठीक आहे," विश्वंभर म्हणाला. "मग तुम्हीच सांगा, पारख कशी करायची?"

"उद्यापासून येणारी माणसं एकाआड एक वाटून घेऊ. एक तुझ्या खोलीत, एक माझ्या ओसरीवर. पंधरवडाभर."

"ओसरीवर तुम्ही त्यांना काय उपदेश करणार?"

"उपदेश कसला? शेंगा सोलायला देईन."

विश्वंभरला हसू आवरेना. इतका सोपा दावा त्याला उभ्या वकिलीत मिळाला नव्हता.

"आणि त्यातल्या कोणाला अगदीच सोसवेना, तर?"

"त्याला तेव्हाच तुझ्याकडे धाडीन. बाकीच्यांची पाळी पंधरवड्यानंतर."

"आणि निकाल?"

"तू विचारलंस तर लोक तुझं मन राखतील. मी विचारलं तर माझं. साळू कासारीण बांगड्या भरायला घरोघर जाते, तिला विचारू दे. माणसाला विचारू दे, घरच्यांनाही विचारू दे. कोण आत बसलं होतं नि कोण बाहेर, ते मात्र तिला सांगायचं नाही."

"कबूल," विश्वंभर म्हणाला. "आणि माझी बाजू खरी ठरली तर मी पेठेत जाणार."

"बघू या," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. खोलीत विश्वंभर जीव तोडून उलटतपासण्या घेत होता. बाहेर पावट्याच्या टोपल्या रिकाम्या होत होत्या. मधूनच ओसरीवर हशा उसळायचा आणि त्याचा प्रश्न अर्ध्यावर तुटायचा.

एकदा तो तणतणत बाहेर आला. पाहतो तर विठू सुतार, जो वर्षभर घरात कोणाशी एक शब्द बोलला नव्हता, तो शेजारच्या बाईला किडकी शेंग कशी ओळखायची ते समजावत होता. तीही त्याला सोडत नव्हती. तुम्ही सुतार, तुम्हाला पावट्यातलं काय कळतंय, म्हणून वाद घालत होती.

विश्वंभर तसाच आत गेला. विठू बोलतोय हे त्याला आवडलं नाही. आणि आपल्याला ते आवडलं नाही, याचं त्याला त्याहून वाईट वाटलं.

पंधरवडा सरला. साळू बांगड्यांची माळ खांद्यावरून उतरवून ओसरीवर टेकली. पाणी प्यायली. विश्वंभर समोर ताठ बसला होता.

"दिनकर शिंप्याचं सांगू आधी?" साळू म्हणाली. "गडी झोपाया लागलाय. घोरतोय म्हनं."

दिनकर खोलीतला होता. विश्वंभरचा चेहरा खुलला.

"पर घरवाली कावलीया! दर गोष्टीला पुरावा मागतोय. ती म्हनली, आमटीत मीठ घातलंय. तर म्हनतोय, कुनी पाह्यलं?"

अक्का खो खो हसल्या. विश्वंभरलाही हसावं लागलं.

साळू सांगत गेली. विठू सुताराने आपल्या म्हाताऱ्या आईला हाक मारली, तर म्हातारी घाबरून शेजारी पळाली, मग परत येऊन त्याच्या गळ्यात पडली. तो ओसरीवरचा. तेल्याच्या पोरीची धडधड थांबली, ती खोलीतली. असं करत करत हिशेब होत गेला. आतले बरेच जण सुधारले होते. बाहेरचेही बरेच जण सुधारले होते. आतले थोडे जास्त.

"थोडे जास्त," विश्वंभर घाईने म्हणाला.

"थोडे," अक्का म्हणाल्या.

"पाटलाच्या थोरल्या सुनंला मातुर काय सुदिक फरक न्हाई," साळू म्हणाली. "अजून दचकून दचकून उठती बिचारी."

"ती माझ्या ओसरीवरची," अक्का म्हणाल्या. "माझ्याकडनं तिला गुण आला नाही. उद्यापासून तिला तू बघ."

घरातली साखर संपली हे सांगावं, इतक्या सहज त्या बोलल्या. विश्वंभर त्यांच्याकडे बघतच राहिला. 'माझ्याकडनं गुण आला नाही' हे वाक्य त्याने स्वतः कधी उच्चारलं नव्हतं.

"आणि यमुना परटिणीचं काय?" अक्कांनी विचारलं.

"ती हिशेबात धरायची नाही," विश्वंभर म्हणाला. "ती अर्ध्यात सोडून गेली. तिसऱ्या बैठकीनंतर फिरकलीच नाही. माणूस उपायच पुरा करत नसेल, तर त्याला उपाय काय करणार?"

"बरी झाली तर तुझा गुण... आणि सोडून गेली तर तिचा दोष?"

अक्कांनी साळूकडे पाहिलं.

यमुनेची धाकटी बहीण तापाने गेली होती. तेव्हा यमुना घाटावर कपडे धूत होती. आपण घरी असतो तर ती वाचली असती, हे तिच्या मनाने घेतलं होतं. विश्वंभरने तिची उलटतपासणी फार मन लावून घेतली होती. वैद्य काय म्हणाला? ताप किती दिवसांचा? तू घरी बसून काय केलं असतंस? तिचा काहीही दोष नव्हता, हे त्याने एकही फट न ठेवता सिद्ध केलं होतं.

"मला सांगाया तयार नव्हती," साळू म्हणाली. "मग बांगड्या भरता भरता बोलली. म्हनली, म्हाराज लई चांगले हाईत. माजं काय चुकलं न्हाई, हे त्यांनी पार दाखवून दिलं. दर खेपेला त्येच जिंकायचे. आन्‌ म्या घरी यिऊन दुप्पट रडायची."

"का?" विश्वंभरने विचारलं. आवाजातला कोट कुठे गेला कोणास ठाऊक.

"म्हनली, माजी भन गेली, म्हनून म्या रडती. तर त्याचं बी कारन द्यावं लागतंय."



विश्वंभरला यमुनेची शेवटची बैठक आठवली. त्याने विचारलं होतं, "बरं वाटतंय ना?" तिने पदराने डोळे पुसत मान हलवली होती. "तुमच्या कृपेनं," म्हणाली होती. त्या दिवशी जेवताना त्याने ताटलीवरच्या आश्रमाला आणखी एक खिडकी काढली होती.

त्याला स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली.

"साळूबाई," तो म्हणाला, "यमुनेला माझा निरोप सांगाल? माझं चुकलं म्हणावं. आणि वाटलं तर ओसरीवर येऊन बस म्हणावं. तिला कोणी काही विचारणार नाही."

"सांगती की," साळू म्हणाली आणि माळ खांद्यावर टाकून निघाली.

"अक्का, मी पेठेत जात नाही."

अक्कांनी मूठभर दाणे सुपात टाकले.

तेवढ्यात अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. पेठेतला कापडवाला, हिराचंद. अंगावर उंची कपडे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि थेट विश्वंभरपुढे हात जोडले.

"महाराज, फार नाव ऐकून आलोय. दुकानात बसवत नाही, घरात बसवत नाही, जीव नुसता घाबरा होतो. तुमच्या उपायानं मी बरा होईन ना?"

या प्रश्नाचं विश्वंभरचं उत्तर ठरलेलं असे. खात्रीनं! ते अगदी जिभेवर आलंही...

त्याने ते गिळलं.

"बऱ्याच जणांना गुण येतो," तो सावकाश म्हणाला. "काहींना येत नाही. एका बाईला तर माझ्यामुळे जास्तच त्रास झाला. तुमचं काय होईल, ते मला आज सांगता येत नाही. पण बसा, बोलू. त्रास वाढला तर तोंडावर सांगा. तोंडावर सांगवलं नाही, तर येणं बंद करा. मी दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या घरी पाठवून विचारीन."

हिराचंद त्याच्याकडे बघत राहिला. आता हा माघारी जाणार, असं विश्वंभरला वाटलं.

हिराचंदने जोडा काढला आणि ओसरीच्या पायरीवर बसला.

"मग बसतो," तो म्हणाला. "आजवर जिथे जिथे गेलो, तिथे सगळ्यांनी खात्रीच दिली होती."

आणि तो चक्क हसला. विश्वंभरलाही हसू आलं, का ते न कळताच.

अक्का उठल्या. पदरातली टरफलं झटकली.

"विश्वंभर, पेठेतल्यांना निरोप धाड. आश्रम बांधायला घ्या म्हणावं. तू येतोयस."

"पण अक्का..." तो गोंधळून उभा राहिला. "निकाल तर माझ्या बाजूनं लागला नाही."

"जा तू," अक्का म्हणाल्या. "फक्त तिथं कसं चाललंय, ते तू कळवू नकोस. साळू कळवील."